निवृत्त रेल्वेकामगारांच्या बैठका आणि चळवळीचे राहून गेलेले काम



१७ डिसेंबर ही तारीख दिनदर्शिकेत ठळक छापली जात नाही. तरीही देशभरातील निवृत्त सरकारी नोकर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात, आणि त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेल्यांचा भरणा मोठा असतो. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही लोहमार्गावरची गावे आणि जलंबच्या फाट्यावरचे खामगाव येथे अशी मंडळी सहज भेटतात. कोणी फायरमन म्हणून इंजिनावर चढला आणि ड्रायव्हर होऊन उतरला. कोणी पॉइंट्समन, कोणी गँगमन, तर कोणी बिस्वा ब्रिज किंवा खुमगाव बुर्टी यांसारख्या लहान स्थानकावर उमेदीची वर्षे काढलेला स्टेशनमास्तर. ही माणसे एकत्र बसली की बोलण्याचे विषय ठरलेले असतात. महागाई भत्त्याचा पुढचा हप्ता कधी, पासाचा अर्ज कोणाकडे अडला, भुसावळच्या रेल्वे रुग्णालयात औषध मिळाले की बाहेरून आणावे लागले, विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनातील नावाची चूक दुरुस्त झाली की नाही. चर्चा होते, चहा होतो, बैठक संपते.

या बोलण्याला क्षुल्लक म्हणून हिणवण्याची सवय काही उत्साही कार्यकर्त्यांना जडली आहे. ती सोडलेली बरी. मेहकर किंवा चिखलीसारख्या घाटावरच्या गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या गँगमनला रेल्वे रुग्णालय गाठायचे तर घाट उतरून मलकापूरला यावे लागते आणि तेथून भुसावळ गाठावे लागते. तो खर्च व ती दगदग टाळून बाहेरच उपचार घेणाऱ्याला मिळणारा वैद्यकीय भत्ता आहे दरमहा १००० रुपये, आणि हा आकडा २०१७ पासूनचा आहे. १००० रुपयांत रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे महिनाभर पुरतात की नाही, हा प्रश्न क्षुल्लक नाही. पण बैठक त्याच प्रश्नापाशी थांबते, यात चळवळीची हानी आहे. ज्या माणसांनी रेल्वे चालविली, तिचे रूळ सांभाळले आणि वेळप्रसंगी ती बंदही पाडली, त्यांच्यापाशी पेन्शनपलीकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते विचारायला कोणी जात नाही.

प्रथम पेन्शनचाच विचार करू. १९७९ साली केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले, परंतु त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी व त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरताच ठेवला. त्याच्या आदल्या दिवशी निवृत्त झालेला माणूस जन्मभर कमी पेन्शन घेणार होता. डी. एस. नकारा यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा भेद १७ डिसेंबर १९८२ रोजी रद्द ठरविला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, हे त्या निकालाने स्पष्ट केले. समाजवादी कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे असे त्यात आणखी एक आहे. घटनेच्या उद्देशिकेतील समाजवादी या शब्दाचा आधार घेऊन, वृद्धापकाळी माणसाला सन्मानाने जगता येणे हे त्या शब्दाचे प्रयोजन आहे, असा विचार देसाई यांनी तेथे मांडला. संसदेत ज्या शब्दाची टिंगल होते, त्याला न्यायालयात एवढा अर्थ लाभला होता.

हा निकाल आज कितपत शाबूत आहे? मार्च २०२५ मध्ये संमत झालेल्या वित्त कायद्यात पेन्शनच्या नियमांना मान्यता देणारा एक भाग घालण्यात आला. पेन्शनधारकांमध्ये भेद करण्याचा व त्यासाठी निवृत्तीची तारीख हा आधार धरण्याचा अधिकार सरकारला आहे, असे त्यात नमूद झाले. यातून काही नवे घडत नाही, आधीचेच धोरण पक्के केले आहे, असा खुलासा सरकारने संसदेत केला. मग कायदा करण्याची गरज का भासली, असा साधा प्रश्न उरतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा मंजूर झाली. तीत अंशदान नसलेल्या पेन्शन योजनांच्या ‘निधीविना’ खर्चाचा विचार करण्यास आयोगाला सांगितले आहे. जुन्या पेन्शनकडे बोजा म्हणून पाहण्याची दृष्टी या शब्दयोजनेतच दिसते. कोरोनाच्या काळात जानेवारी २०२० ते जून २०२१ या १८ महिन्यांचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविण्यात आले आणि ती थकबाकी पुढे कधीच मिळाली नाही. रेल्वेच्या प्रवासभाड्यातील ज्येष्ठ नागरिकांची सवलत २० मार्च २०२० पासून थांबली, तीही परत आली नाही. संकट गेले तरी संकटकाळची कात्री तशीच चालू राहते, हा अनुभव निवृत्तांना नवा नाही.

आता एक जुनी कथा सांगितली पाहिजे, कारण तरुण कर्मचाऱ्यांच्या आजच्या प्रश्नाचे मूळ तीत आहे. रेल्वेत पेन्शन आली ती १६ नोव्हेंबर १९५७ पासून. तोवर भविष्यनिर्वाह निधीची पद्धत होती. कामगाराची वर्गणी आणि रेल्वेचा वाटा मिळून निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे मिळत. नोकरीत असलेल्यांना निवड करण्याची मुभा देण्यात आली आणि अनेकांनी एकरकमी पैशाचा मार्ग पत्करला. ती निवड मूर्खपणाची होती असे म्हणता येणार नाही. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, डोक्यावरचे कर्ज या गोष्टी समोर दिसत होत्या. पेन्शन म्हणजे पुढचे वायदे. त्यावेळची पेन्शन तुटपुंजी होती आणि पाठीमागे राहणाऱ्या पत्नीला तिच्यातून काय मिळणार याची खात्री नव्हती. पुढे महागाईने ती रक्कम गिळली, पेन्शन मात्र भत्त्यासह वाढत गेली. निधी घेऊन निवृत्त झालेल्यांनी नकारा निकालाचा आधार घेऊन दाद मागितली. १९९० साली कृष्णकुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितले की, निधी घेणारे आणि पेन्शन घेणारे हे दोन वेगळे वर्ग आहेत. निधी हाती दिला की सरकारची जबाबदारी संपते. सानुग्रह म्हणून पुढे थोडीफार रक्कम मिळू लागली, पण हक्क म्हणून काही नाही.

१ जानेवारी २००४ नंतर रेल्वेत आलेल्या तरुणाला याच वाटेवर परत आणून सोडले गेले. त्याची वर्गणी, सरकारची वर्गणी, बाजारात गुंतवणूक आणि शेवटी हाती येईल ते त्याचे नशीब. आजोबांच्या पिढीला निदान निवड करता आली होती. नातवाला तीही मिळाली नाही. कर्मचाऱ्यांच्या दीर्घ असंतोषानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत पेन्शन योजना मंजूर झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. २५ वर्षे नोकरी करणाऱ्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि किमान १० वर्षे करणाऱ्यास दरमहा निदान १०,००० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. मात्र कर्मचाऱ्याच्या वेतनातून १० टक्के कपात होतच राहते. निवड करण्याची मुदत पुनःपुन्हा वाढवीत ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत न्यावी लागली, यावरून तरुण कर्मचाऱ्यांचा तिच्यावर किती विश्वास बसला याची कल्पना येते. या तरुणांना एकरकमी पैशाचा मोह आणि पुढची परवड यांविषयी अधिकाराने सांगू शकेल असा माणूस कोण? निधी घेऊन निवृत्त झालेल्या बापाला शेवटची वर्षे मुलाच्या तोंडाकडे पाहत काढताना ज्याने पाहिले, तो निवृत्त कामगार. परंतु पेन्शनधारकांची बैठक एकीकडे भरते आणि नोकरीतल्या पोरांची दुसरीकडे. मध्ये एक रूळ ओलांडून जायचे असते, तेवढे कोणी जात नाही.

१९७४ चा संप या मंडळींच्या आठवणीतला सर्वांत मोठा प्रसंग. ८ मे ते २७ मे अशा वीस दिवसांच्या त्या संपाची पार्श्वभूमी पुष्कळांना ठाऊक आहे. आधीच्या वर्षी इंजिनचालकांनी लढा देऊन दहा तासांच्या कामाचे आश्वासन ललितनारायण मिश्र यांच्याकडून मिळविले होते. जॉर्ज फर्नांडिस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले ते १९७३ च्या अखेरीस, पीटर अल्वारिस यांना हरवून. दोघेही समाजवादी, आणि अल्वारिस हे गोव्याच्या मुक्तिलढ्यात नाव कमावलेले. घरातल्या या चुरशीची कडू चव काहींच्या जिभेवर अजून आहे, पण तिच्यात अडकून पडण्याचे कारण नाही. सुमारे १७ लाख कामगारांच्या उद्योगात इतक्या निरनिराळ्या रंगांच्या संघटना एका समितीखाली आल्या, ही गोष्ट त्यापूर्वी घडली नव्हती आणि त्यानंतरही घडली नाही. २ मे रोजी लखनौला फर्नांडिस यांना अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारो बडतर्फ झाले, वसाहतींतून बायकामुलांना बाहेर काढण्याचे प्रकार घडले. संप बिनशर्त मागे घ्यावा लागला.

त्याला पराभव म्हणावे की नाही, यावर निवृत्तांच्या बैठकीत आजही आवाज चढतात. हिशेब मांडून पाहावा. बडतर्फ झालेल्यांना परत घेण्यात आले ते १९७७ नंतर, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली तीही त्यांच्याच काळात, आणि तिच्यावर बसणाऱ्या किती जणांना तिचा इतिहास माहीत असतो कोण जाणे! बोनस मिळाला १९७९ साली. आठ तासांच्या दिवसाची मागणी काही गटांना लाभली, काहींना नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंजिनचालकांनी ३६ तासांचे उपोषण केले, त्यातही कामाचे तास आणि पुरेशी विश्रांती हाच प्रश्न होता. रेल्वे फाटकावरचा माणूस तर या हिशेबात कुठेच बसत नाही. १९४७ च्या न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने कामाची प्रतवारी लावली; सलग काम, तीव्र काम, खंडित काम. गाड्यांच्या मधल्या वेळेत फाटकवाला रिकामा असतो या समजुतीने त्याचे काम खंडित ठरले आणि बारा तासांची पाळी त्याच्या माथी आली. आठवड्याला ७२ तासांपर्यंत. त्या निवाड्याच्या काळी मार्गावर गाड्या किती होत्या आणि आज किती आहेत? मुख्य मार्गावर एक मालगाडी गेली की दुसरीची घंटा वाजते. ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे शाळेची गाडी फाटकात रेल्वेखाली सापडली आणि मुले दगावली. फाटकवाल्याला अटक झाली. दोष एकट्या माणसाचा की त्याला जागा आणि पाळी नेमून देणाऱ्या व्यवस्थेचा, याची चर्चा चार दिवस झाली आणि थांबली.

संपाच्या मागण्यांत हंगामी कामगारांना कायम करण्याची मागणी होती. पुढच्या पन्नास वर्षांत तिचे जे झाले ते चळवळीने उघड्या डोळ्यांनी पाहावे असे आहे. विदर्भातल्या लोहमार्गावर खडी फोडणारे, रूळ उचलणारे हात बहुधा आसपासच्या खेड्यांतल्या भूमिहीन घरांतून आलेले; हजेरीपटावर त्यांचे नाव काही महिने असे, मग काटले जाई, मग पुन्हा लागे. १९८५ साली इंद्रपाल यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरील हंगामी मजुरांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याची योजना मान्य केली. अनेकांच्या आयुष्याला त्यामुळे आधार मिळाला. परंतु कायम होईपर्यंतच्या वर्षांचे काय? ती पेन्शनसाठी कशी धरायची याचा वाद २०१७ पर्यंत चालला. तेव्हा राकेशकुमार यांच्या खटल्यात ठरले की, हंगामी सेवेची निम्मी आणि तात्पुरता दर्जा मिळाल्यानंतर कायम होईपर्यंतचीही निम्मीच वर्षे धरावीत. तोवर त्या पिढीतले कितीतरी जण निवृत्त होऊन गेले होते, काही जगातूनही. शेगावच्या फलाटावर भेटणाऱ्या दोन निवृत्त गँगमनांपैकी एकाची पेन्शन दुसऱ्याहून बरीच कमी असेल, तर त्याचे कारण कष्टात शोधू नये. हजेरीपटावरील तारखांत शोधावे.

आणि आता तर हजेरीपटही रेल्वेचा राहिला नाही. डब्यांची स्वच्छता, चादरी, फलाटाची झाडलोट, रुळांची पुष्कळशी कामे कंत्राटदारांकडे गेली आहेत. कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही, असे २००१ च्या पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात न्यायालयाने ठरविलेच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी कंत्राटदाराला लागू होणारी मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेली. ४९ माणसांचा कंत्राटदार हा यापुढे फार लोकप्रिय प्राणी होणार आहे. निवृत्त कामगारांच्या मान्यताप्राप्त संघटना असोत वा नोकरीतल्या युनियन, झाडू घेतलेल्या या मुलींना सभासद करून घेण्याचे त्यांच्या मनात अभावानेच येते. १९७४ साली हंगामी मजूर संपात उतरला, सर्वांत आधी त्याची नोकरी गेली आणि परत घेताना त्याचा क्रमांक सर्वांत शेवटी लागला. हे ज्यांनी पाहिले त्यांनी तरी आजच्या कंत्राटी कामगाराला परका मानू नये, असे वाटणे अवाजवी नाही.

पेन्शनपलीकडचा जो दुसरा विषय या बैठकांतून यायला हवा तो म्हणजे खुद्द रेल्वे. १९७४ साली सुमारे १७ लाख माणसे जो भार वाहत होती, तो अनेक पटींनी वाढला असताना आज सुमारे १२ लाखांवर आहे. यंत्रे आली हे खरे, पण यंत्राने भरता येणारी जागा आणि रिकामी ठेवलेली जागा यांत फरक आहे. जून २०२३ मध्ये रेल्वेतील २ लाख ७४ हजारांहून अधिक पदे रिक्त होती आणि त्यांपैकी १ लाख ७० हजारांवर सुरक्षिततेशी निगडित होती, ही माहिती माहितीच्या अधिकारात बाहेर आली. त्याच महिन्यात बालासोरला २९० हून अधिक माणसे मेली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीतील चुका त्याच्या मुळाशी असल्याचे रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी दाखविले. त्याच्या आदल्या वर्षी महालेखापालांनी रुळांच्या तपासणीतील मोठ्या तुटीवर बोट ठेवले होते आणि सुरक्षेसाठी राखलेल्या कोशातून पाय चेपण्याची यंत्रे व चिनी मातीची भांडी घेतल्याचेही नोंदविले होते. जो कीमन वैशाखाच्या दुपारी हातोडा खांद्यावर टाकून आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासतो, त्याचे पाय कोणी चेपत नाही, हे सांगणे नको.

या भागातल्या रुळाला आणखी एक खोड आहे, आणि ती पुस्तकापेक्षा गँगमनला अधिक ठाऊक असते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भराव कच्चा राहिला तर खडी हळूहळू चिखलात बुडते आणि रूळ पातळी सोडतो. वर उन्हाचा तडाखा. लांब जोडलेला रूळ तापला की वाकण्याची भीती. म्हणून पावसाळ्यात रात्रीची आणि उन्हाळ्यात दुपारची गस्त. आता वर्धा ते भुसावळ या ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गाला ७ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव याच पट्ट्यातून हे रूळ जातील. भरावाची माती कोठून येणार, पाणी कोठून निघणार, कोणाची शेती जाणार आणि मोबदला कसा मिळणार, नव्या मार्गावर कायम गँग असणार की कंत्राटी टोळी, हे प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारायचे असतात. कोणता नाला कोणत्या वर्षी पुलावरून गेला हे सांगणारे लोक अजून हयात आहेत.

खामगावचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना हवा होता, म्हणून साम्राज्याला घाई होती. खामगावहून चिखली, देऊळगावराजामार्गे जालन्यापर्यंत रूळ न्यावेत ही मागणी स्वातंत्र्याच्या आधीपासूनची. सर्वेक्षणे झाली, निवेदने झाली, निवडणुका झाल्या, गाडी मात्र आजवर धावलेली नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बुलढाणा, त्याला रेल्वे स्थानक नाही. घाटाखाली रूळ आणि घाटावर एस. टी., अशी जिल्ह्याची फाळणी दीडशे वर्षे टिकून आहे. स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प असताना वर्षातून एकदा तरी संसदेत या मार्गाचे नाव घेतले जाण्याची शक्यता असे. २०१७ पासून तो अर्थसंकल्पही सामान्य अर्थसंकल्पात विरघळला. या मागणीसाठी घाटावरचा शेतकरी आणि घाटाखालचा निवृत्त रेल्वेकामगार एका मांडवात आले, तर तिला व्यापाऱ्यांच्या शिष्टमंडळापलीकडचे वजन येईल.

राहता राहिला कार्यकर्त्यांनी करण्याच्या कामाचा प्रश्न. ठराव मांडून भागणार नाही. दर नोव्हेंबरात पेन्शनधारकाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर बोट ठेवायचे आणि जिवंत असल्याचे सिद्ध करायचे. पहार आणि टिकाव यांनी ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांना यंत्र अनेकदा ओळखत नाही. चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय आता मोबाइलवर झाली आहे, पण ती सत्तरी ओलांडलेल्या गँगमनला आणि त्याच्या विधवेला कोण दाखविणार? सेवापुस्तकातले नाव एक आणि आधारकार्डावरचे दुसरे, म्हणून अडलेली कुटुंबपेन्शन कोणाच्या पाठपुराव्याने सुटणार? पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेने दोन तरुणांना हे काम नेमून द्यावे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव आणि खामगाव या पाच ठिकाणी नोव्हेंबरभर आठवड्यातून एक दिवस ते बसले तरी पुरे. फॉर्म भरताना म्हातारा बोलू लागतो, १९७४ विषयी, फाटकाविषयी, नाल्याविषयी. ते त्या दोघांनी वहीत लिहून घ्यावे आणि स्टेशनात झाडू मारणाऱ्या कंत्राटी पोरीला त्याच टेबलाजवळ बसवून तिची हजेरी व पगाराची चिठ्ठीही पाहावी.